सटवाईच्या पेनात कोणती निळी

रविवार, कार्तिकातला. बाळाचा पाचवा दिवस. मुक्काम दिग्रस, आमचं राहतं घर.

हजर: मी, म्हणजे बाळाची आईकडची आजी. माझे यजमान, बियाण्यांचं दुकान अर्ध्या दिवसानं बंद करून आलेले. माझ्या सासूबाई, ज्यांना वय विचारलेलं चालत नाही. माझी मुलगी पल्लवी, पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. पुसदहून आलेल्या विहीणबाई, निवृत्त शिक्षिका, पलंगासमोरच्या खुर्चीत. आणि बाळ. मुलगी आहे, नाव अजून ठेवायचं आहे.

गैरहजर: जावई. पुण्याला असतात, रजा पुढच्या शनिवारपासून मंजूर.

(हजेरी घेतल्याशिवाय मला कोणत्याही कामाला सुरुवात करता येत नाही. कार्यालयात आवक-जावक माझ्याकडे आहे. तिथं ही सवय गुण समजली जाते.)

माझ्या नातीचं नशीब लिहायला देवीला कोणती निळी शाई द्यावी, यावर आमच्या घरात शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ वाद चालला. देवीनं काही मागितलेलं नव्हतं.

आमच्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा आणि शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीचं लिहून जाते. माझा या गोष्टीवर विश्वास आहे की नाही, हे मी कधी ठरवलेलं नाही. पण पूजेच्या सामानाच्या यादीत 'कागद, पेन' असं होतं, म्हणजे कागद आणि पेन असायलाच हवं. शनिवारीच मी पर्समधलं बॉलपेन काढून ताटात ठेवलं आणि यादीवर बरोबरची खूण केली.

"हे काय वं सुनंदा?" सासूबाई म्हणाल्या.

"पेन."

"हे पेन होय? हे मधातच बंद पडते. तुह्या दिराच्या पाचवीले असंच ठेवलतं मी. पाहून राह्यली ना तू त्याचं?"

माझ्या दिरांनी आजवर गिट्टी-खडीचा, दुधाचा आणि मंडप डेकोरेशनचा असे तीन धंदे केले आणि तिन्ही मध्येच बंद पडले. सासूबाईंनी कपाटातून सासऱ्यांचं शाईचं पेन काढलं. जाड, काळं, ड्रॉपरनं भरायचं. घरात ज्यांचं बरं चाललं आहे त्या सगळ्यांच्या पाचवीला म्हणे हेच होतं. मी यादीत नवी ओळ लिहिली: 'निळी शाई'.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं आमचं वागणं समजेल. बाळ जन्मालाच हलकं आलं होतं. दूध ओढताना दमून जायचं आणि तोंड सोडून झोपायचं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, सोमवारी वजन करू, आणखी उतरलं तर यवतमाळला नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. तेव्हापासून 'पेटी' हा शब्द आमच्या घरातून गेला होता. देवघरातल्या पेटीलाही यजमान 'तो डबा' म्हणू लागले होते. बोलायला घरात दोनच विषय होते, वजन आणि शाई. वजनाबद्दल कोणाला बोलवत नव्हतं.

म्हणून सगळे शाईवर तुटून पडले.

शनिवारी संध्याकाळी मी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले.

"फाउंटन पेनची शाई आहे का?"

"कोणाले पाह्यजे मॅडम?" दुकानदारानं विचारलं. "आता कोणी लेहत नाही त्यानं."

देवीला पाहिजे, असं सांगणं मला जमेना. "घरीच," म्हणाले.

"कोणती?"

"निळी."

"निळी म्हणजे कोणती निळी?"

मी यादी पाहिली. यादीत नुसतं 'निळी' होतं. इतकी ढोबळ नोंद माझ्या हातून आजवर झाली नसेल. त्यानं मागच्या फळीवरून चार बाटल्या काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि ओळीनं मांडल्या. रॉयल ब्लू, वॉशेबल. परमनंट ब्लू. ब्लू-ब्लॅक. आणि एक मोरपंखी. मी चारही घेतल्या. (तुलना करून निर्णय घ्यावा, असं मला वाटलं. तुलना करायला घरात आणखी चार माणसं आहेत, हे मी विसरले.)

घरी येऊन कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, काडीनं प्रत्येकीवर एकेक रेघ ओढली, पंख्याखाली वाळवल्या आणि सगळ्यांसमोर ठेवल्या. पल्लवीला म्हटलं, "तू पण पाहा." तिनं मान फिरवली नाही.

विहीणबाईंनी चष्मा वर करून पहिली बाटली डोळ्यांजवळ नेली. "ही वॉशेबल आहे. पाण्यानं जाते. शाळेत पोरांच्या सदऱ्यांसाठी ठीक होती. नशीब काय सदरा आहे विहीणबाई?"

"उद्या पोरगी आंघोळ करन आन् सारं मोरीत," सासूबाई म्हणाल्या. या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते माझ्या विरुद्ध होतं.

"मग परमनंट घेऊ."

"परमनंट नको," यजमान दारातून म्हणाले.

"काहून?" मी विचारलं.

"काही उन्नीस-बीस लेहल्या गेलं तं? दुरुस्तीले जागा नको?"

बियाण्यांच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. न उगवलेल्या पिशव्या परत घेऊन घेऊन त्यांना कायमच्या कोणत्याच गोष्टीचा भरवसा उरलेला नाही. एरवी मी त्यांना गप्प केलं असतं. पण उन्नीस-बीस म्हणजे काय, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

मी तिसरी पट्टी पुढे केली. "ही ब्लू-ब्लॅक. लिहिताना निळी दिसते."

"आन् मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग हळूहळू काळी पडत जाते."

बोलून गेल्यावर मला जीभ चावावीशी वाटली. पलंगावरून पल्लवीचा आवाज आला, सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य: "आई, ते बाटली इथून घेऊन जा."

मी बाटली मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. परत आले तर विहीणबाई चौथी पट्टी उजेडात धरून उभ्या होत्या. "आणि ही मोरपंखी. ही शाई नाही, रंगपंचमी आहे."

तेवढ्यात जावयांचा फोन आला. त्यांना सगळा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "ऑनलाइन मागवू का चांगली?" मग म्हणाले, "नाही, मंगळवारी येईल." मग थोडं थांबून म्हणाले, "वजन?"

"परवा करायचं आहे."

"बरं, मग वॉशेबलच ठेवा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तोडगा माझा होता. हे स्पष्ट लिहिते, कारण यजमान नातेवाइकांना सांगताना तो आपल्या अंगावर घेतात. मी रविवारी दुपारी वॉशेबल आणि परमनंट निम्मी-निम्मी एका वाटीत काढली आणि काडीनं ढवळली. जे चांगलं लिहिलं जाईल ते राहील आणि जे वाईट असेल ते जाईल, असा हिशेब. एका मिश्रणातली नेमकी वाईट अक्षरंच कशी धुतली जातील, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. घरातही कोणाला पडला नाही. उलट यजमान म्हणाले, "हे जमलं."

फक्त विहीणबाई म्हणाल्या, "दोन शाया मिसळू नयेत. गुठळ्या होतात. आम्ही वर्गात सांगत होतो पोरांना."

त्यांचं म्हणणं शास्त्रीय होतं. पण ते विहीणबाईंचं असल्यामुळे मी ते टोमण्यात जमा केलं आणि पेन भरलं.

संध्याकाळी पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि लाइट गेली. समईच्या उजेडात पूजा उरकली. मी पेन कागदावर ठेवणार तोच सासूबाई म्हणाल्या, "चालते का ते? पाहून घे आधी. ते लेहाले बसन आन् पेनच नाही चालन तं?"

कागद कोरा राहायला हवा, म्हणून मी तळहातावर रेघ ओढली. उमटली नाही. पुन्हा ओढली. झटकलं, काहीच नाही. "गुठळी," अंधारातून विहीणबाई म्हणाल्या. एकच शब्द, पण त्यात अख्खी नोकरी होती. मी पेनचा आटा सैल केला, परत आवळला, निब दाबली. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दोन्ही हातांना ओल लागली. समईच्या उजेडात निळा रंग दिसत नाही, नुसती सावली दिसते. हात पदराला पुसले, पेन कागदावर ठेवलं, नमस्कार केला. काम झालं.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. त्याचं रडणंही हलकंच होतं, शेजारच्या घरात कोणी रडावं तसं. नर्सनं शिकवलं होतं, ओठाच्या कोपऱ्याला बोट लावा, तोंड वळवलं तर भूक आहे. मी बोट लावलं. बाळानं तोंड वळवलं. वळवलं एवढंच नाही, बोट धरलं आणि ओढायला लागलं. पाच दिवसांत तिनं काही इतक्या जोरानं ओढलं नव्हतं.

"पाहा हो," मी यजमानांना म्हटलं, "कशी ओढून राह्यली."

विहीणबाई उठून आल्या. सासूबाईही भिंत धरून आल्या. समईजवळ बाळाला घेऊन आम्ही सगळे तिचं ते चोखणं पाहत होतो. मी दुसऱ्या हातानं तिची इवलीशी मूठ धरली होती. त्या पाच दिवसांतला आमचा तेवढाच आनंद. पल्लवीनं मान फिरवली आणि हात पुढे केले. मी बाळ तिच्या कुशीत दिलं.

आणि लाइट आली.

पल्लवी ओरडली नाही. तिनं हळूच विचारलं, "आई, हिचे ओठ असे काहून दिसून राह्यले?"

ओठ निळे होते. हनुवटी निळसर. मूठ उघडून पाहिली, नखं निळी.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलेलं मी शब्दन् शब्द लिहून घेतलं होतं. ओठ किंवा नखं निळी दिसली तर एक क्षण थांबू नका. थांबायचा प्रश्नच नव्हता. यजमान चप्पल न घालता बाहेर पळाले आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला ऑटो घेऊन आले. पल्लवीनं बाळ छातीशी धरलं होतं आणि तिचे ओठही पांढरे पडले होते. माझ्या हाताकडे कोणीही पाहिलं नाही. मीही नाही.

"आई, चला," यजमान सासूबाईंना म्हणाले.

"मी नाही येत. तुम्ही जा." त्या पाट्यासमोर बसल्या होत्या. "ते आली तं घरात कोणी पाह्यजे. आज तं पाह्यजेच. मी सांगतो तिले काय लेहाचं ते."

ऑटोत यजमान पुढं, चालकाशेजारी. मागं पल्लवी, मध्ये विहीणबाई, कडेला मी. पल्लवी बाळाशी काहीतरी पुटपुटत होती. विहीणबाई दिवसभर शाईवरून माझ्याशी भांडल्या होत्या. त्या आता पुढं वाकून, आवाज न करता रडत होत्या. खांदे हलत होते तेवढंच. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत काढला नाही. लग्न ठरल्यापासून आमच्या दोघींत इतकं जवळचं काही झालं नव्हतं.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात. जेवता जेवता खाली आले. बाळाला टेबलावर घेतलं, छातीला नळी लावली, पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावून यंत्राकडे पाहत राहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांनी बाळाचे ओठ पुन्हा पाहिले. जीभ पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"काकू, हात दाखवा."

"माझा?"

"तुमचाच."

मी हात पुढे केला. मनगटापर्यंत निळा.

डॉक्टरांनी कापूस पाण्यात भिजवला आणि बाळाच्या ओठांवरून फिरवला. कापूस निळा झाला. ओठ गुलाबी झाले. पल्लवी मटकन स्टुलावर बसली.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाई आहे," यजमान म्हणाले.

"कोणती शाई?"

विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि शिक्षिकेच्या आवाजात उत्तर दिलं, "अर्धी वॉशेबल, अर्धी परमनंट."

डॉक्टरांनी बाळाच्या पोटात किती गेली असेल ते विचारलं, पुन्हा एकदा तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले आणि आजीची बोटं बाळाच्या तोंडापासून लांब ठेवा असं सांगितलं. मी मान डोलावली. यजमानांनी माझ्याहून जोरात डोलावली.

"जोरात ओढत होती म्हणालात?"

"खूप," मी म्हटलं.

"मग ओढू द्या तिला, पण आईजवळ." ते जायला निघाले आणि थांबले. "आलाच आहात तर वजन करून टाकू. उद्याची चक्कर वाचेल."

आम्हाला ती चक्कर वाचवायची नव्हती. सोमवार येईपर्यंत निदान रविवार तरी आमचा होता. पण नाही कोण म्हणणार? बाळाला काट्यावर ठेवलं. ते हातपाय हलवत होतं आणि आकडे वरखाली होत होते. पल्लवीनं डोळे मिटले. यजमान छताकडे पाहत होते. मी पाहत होते, कारण घरात कोणीतरी पाहायला हवं असतं आणि ते माझ्याकडेच असतं.

"उतरलं नाही," डॉक्टर म्हणाले. "चढलंही नाही म्हणा. पण उतरायचं थांबलंय. सध्या यवतमाळ नको. गुरुवारी पुन्हा आणा."

सध्या. गुरुवारी. आम्हाला मिळालेलं एवढंच होतं. पल्लवी तिथंच, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजायला बसली आणि आम्ही तिघं बाहेर आलो.

ऑटोवाला थांबला नव्हता. विहीणबाई दुसरा ऑटो पाहायला माझ्यापुढे पायऱ्या उतरल्या आणि दवाखान्याच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात मला त्यांची पाठ दिसली. मोतिया रंगाची रेशमी साडी. तिच्यावर मधोमध माझा हात. पाचही बोटं आणि तळवा. हस्तरेषा पाहणाऱ्यानं बसून भविष्य सांगावं, इतका स्वच्छ.

मिश्रणातली वॉशेबल बाळाच्या वाट्याला गेली होती आणि परमनंट विहीणबाईंच्या.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या वळल्या. चेहरा रडून सुजलेला, पण हसल्या. "घाईत साडीही बदलली नाही पाहा. पोरानं पहिल्या पगारातून घेतली मला. पूजेला म्हणून नेसले." मग माझा निळा हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही पाठीवर हात ठेवला ना, फार धीर आला हो."

आता यावर काय बोलायचं ते कोणी मला सांगावं. मी म्हणाले, "त्यात काय."

घरी आलो तर सासूबाई पाट्यासमोर तशाच बसलेल्या. बाळाला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. पाट्याजवळ कागद नव्हता. त्यांनी तो घडी करून आपल्या उशीखाली ठेवला होता आणि घडीच्या बाहेरपर्यंत निळा डाग फुटला होता.

"काय लेहलं आई?" यजमानांनी विचारलं.

"ते वाचाचं नसते."

दुसऱ्या दिवशी विहीणबाई साडी नीट घडी करून पिशवीत घालून, नऊ वाजताच्या एसटीनं पुसदला गेल्या. पाठ आतल्या बाजूला गेली असावी, कारण त्यांनी काही म्हटलं नाही. मी त्या दिवशीच्या यादीत लिहिलं: 'विहीणबाईंना साडीचं सांगणे'.

गुरुवारी वजन थोडं चढलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडं. डॉक्टर अजून हसत नाहीत, पण यवतमाळचं नाव काढत नाहीत. विहीणबाई रोज सकाळी फोन करतात. मी रोज सांगायचं ठरवून फोन उचलते. त्या आधी वजन विचारतात, मी आकडा सांगते, त्या पलीकडे गप्प होतात आणि मला कळतं की पदर डोळ्यांना लागला आहे. अशा वेळी साडीचा विषय काढता येत नाही.

काल म्हणाल्या, बारशाला तीच मोतिया साडी नेसून येते, तिचा पायगुण चांगला आहे.

मी "बरं" म्हणाले आणि 'विहीणबाईंना साडीचं सांगणे' हे काम यादीच्या पुढच्या पानावर घेतलं.